सोबतिणीविषयी एक दुरुस्ती

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटू नये अशीच माझी इच्छा आहे, कारण खरं वाटलं तर तुम्ही माझी कीव करायला लागाल आणि कीव मला पचत नाही. पण अकरा वर्षं मी एका नसलेल्या बाईबरोबर जेवलो. दर आठवड्याला एकदा, उत्तर ऑस्ट्रेलियातल्या या डार्विन शहरात, फॅनी बेपासून पामरस्टनपर्यंत एकूण एक हॉटेलात, समोरासमोर बसून. आणि त्या बाईनं एकदाही पानात घासभर टाकलं नाही.

"सुरू झालं याचं," अर्नी ल्यू म्हणाला.

दुपारचे तीन वाजून गेले होते. थेमेलिनाच्या हॉटेलातली जेवणारी माणसं उठली होती आणि नाइटक्लिफच्या खडकांवरून येणारा जुलैतला कोरडा वारा टेबलांवरचे कागदी रुमाल एकेक करून खाली टाकत होता. थेमेलिना आमच्याच टेबलाशी बसून हातहातभर लांब चवळीच्या शेंगा मोडत होती. टक्, टक्. तिचं हे हॉटेल बत्तीस वर्षांचं. ग्रीसमधल्या एका बेटावरून तिचा बाप इथं मोती काढायला आला होता म्हणे, आणि ती स्वतः अजून कुणाशीही बोलताना समुद्रापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी बोलते. आज मात्र गप्प होती. अर्नीनं चाळीस वर्षं हवामान खात्यात काढली आहेत. आपण सांगितलेलं खरं न होण्याची त्याला सवय आहे; दुसऱ्यानं सांगितलेलं खरं नसलं तर मात्र त्याला चालत नाही.

"पानात टाकलं नाही, कारण तू खाल्लंस," तो म्हणाला. "पोटाकडे बघ स्वतःच्या, लॉरी. दोन माणसांचं आहे ते."

"पहिल्या वेळी मी संडासात होतो," मी म्हटलं.

"आता हे काय?"

मग मला ते समजावून सांगावं लागलं. हॉटेलांवर लिहिणाऱ्यानं टेबलाशी वही काढायची नसते. वही दिसली की आचारी बाहेर येतो, मालक हात चोळतो, आणि पुढची ताटली लग्नातल्यासारखी सजून येते. म्हणून दोन घास खायचे, उठायचं, संडासात जाऊन कडी लावायची आणि मांडीवर वही ठेवून लिहायचं. माझ्या सव्वीस वर्षांतल्या उत्तमोत्तम ओळी मी या शहराच्या संडासांत लिहिल्या आहेत. तर माझी बायको ग्लेनिस वारल्यानंतर महिन्याभरानं मी पामरस्टनच्या एका लेबनीज हॉटेलात गेलो, सवयीनं दोघांचं मागवलं, दोन घास खाल्ले, उठलो, लिहून आलो. येऊन बघतो तर समोरची ताटली रिकामी. वांग्याचं भरीत नाही, मसूर-भात नाही, लिंबाची फोड पिळून सालीसकट उलटी ठेवलेली. भिंतीवरची पाल तेवढी साक्षीला होती आणि तीही, मी बघितलं, खाली बघत होती.

"वाढणारीनं उचललं असेल," अर्नी म्हणाला.

"ताटली तिथंच होती."

"मग पालीनं."

"अर्नी, एवढा मसूर-भात खाणारी पाल असती तर तिच्यावर लिहिलं नसतं का मी?"

थेमेलिना हसली नाही. टक्. मी तिच्याकडे बघून घेतलं. गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यांपैकी जो हसत नाही त्यालाच आपण सांगत असतो.

आता, ती ताटली मी उठण्यापूर्वीच रिकामी केली होती की नाही, हे मला नक्की आठवत नाही. एवढं आठवतं की घशाशी मसूर तुंबला होता आणि संडासात मी एक ओळही लिहिली नाही. नुसता कडीकडे बघत बसलो होतो, आणि बाहेर कुणीतरी फार सभ्यपणे दार वाजवत होतं. पण हे मी त्या दोघांना सांगितलं नाही. खोटं सांगण्याचा एक फायदा असतो, त्याच्या कडेकडेनं माणसाला विचार करता येतो.

आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. एकटा माणूस एका बैठकीत किती खाणार? चार पदार्थांवर लिहायचं तर दोन तोंडं लागतात. म्हणून लिहिणारा कुणाला तरी बरोबर नेतो, आणि त्या माणसाचं नाव कधी लिहीत नाही. 'माझी सोबतीण' एवढंच. माझ्या सोबतिणीनं मासा मागवला. माझ्या सोबतिणीला रस्सा अंमळ तिखट वाटला. वाचणाऱ्यांना तिनं काय खाल्लं ते वर्षानुवर्षं कळत राहतं, ती कोण हे कधीच कळत नाही. शिवाय तिचा एक मोठा उपयोग असतो. मासा कोरडा होता असं मी लिहिलं तर मालक माझ्यावर चिडेल. सोबतिणीला कोरडा वाटला असं लिहिलं तर चिडणार कुणावर? कौतुक आपल्या तोंडी घालावं, तक्रार तिच्या. हे मला कुणी शिकवलं नाही. माझ्या आधी हा रकाना लिहिणाऱ्याला शिकवायला वेळच मिळाला नव्हता. खाडीतल्या खेकड्यानं त्याचं बोट धरलं ते सोडेना, शेवटी दोघांना एकाच विमानानं ॲडलेडला पाठवावं लागलं. तेव्हा मी साप्ताहिकात भरती-ओहोटीचं वेळापत्रक लिहीत असे. संपादक म्हणाले, लॉरी ट्रेगेन्झा, तू जेवतोस ना? मी म्हटलं, जेवतो. झालो समीक्षक.

आणि ग्लेनिस झाली सोबतीण. ती शाळेत ग्रंथालय सांभाळायची; नाइटक्लिफमधल्या निम्म्या पोरांना तिनं वाचायला बसवलं, थेमेलिनाची तिन्ही त्यांत आली. दर मंगळवारी संध्याकाळी ती कानांत हिरव्या कुड्या घालायची, मोटारीची काच खाली करायची आणि विचारायची, "आज मी कोण?" कारण टेबल आम्ही खोट्या नावानं राखून ठेवत असू. कधी ती डॉक्टरीण असे, कधी पर्थहून आलेली विधवा. वेटर 'मॅडम' म्हणाला की ती इतक्या गंभीरपणे मान हलवायची की मला हसू आवरण्यासाठी पाणी प्यावं लागे. लेख गुरुवारी छापून यायचा. तो ती व्हरांड्यात पाय कठड्यावर टाकून वाचायची आणि दर वेळी कुठल्या तरी एका ठिकाणी हसायची. कुठल्या ओळीला, हे मी कधी विचारलं नाही. लिहिणारा माणूस विचारत नाही. त्याला वाटतं, सगळ्याच ओळींना.

मी थापाड्या आहे हे मला मान्य आहे. नाइटक्लिफच्या धक्क्यावर जाऊन विचारा, लॉरीनं पकडलेला बारामुंडी मासा किती लांब होता. प्रत्येक जण वेगळं माप सांगेल आणि ती सगळी मापं माझीच आहेत. पण ग्लेनिसबद्दल मी थाप मारत नाही. हा माझा नियम आहे. ती गेल्यावर लोक म्हणाले, आता सोबतीण म्हणून कुणाला नेणार? मी म्हटलं, तिलाच. आणि नेलं. तिच्या आवडीनिवडी तशाच ठेवल्या. ती असती तर जे खाल्लं असतं तेच मागवलं, जे वगळलं असतं ते वगळलं. "बायकोसाठी कोथिंबीर घालू नका," हे वाक्य मी तिच्या हयातीत पंधरा वर्षं म्हटलं आणि नंतर अकरा. किल्ल्यांच्या जुडग्यासारखं त्या वाक्याचं वजन मला रस्त्यानं जाताना खिशात जाणवायचं.

"अरे, मुद्द्यावर ये," अर्नी म्हणाला. "पत्राचं काय ते सांग."

कारण पत्राचं मी त्याला फोनवर बोललो होतो.

पत्र सोमवारी आलं. संपादक आता जॅसिंटा म्हणून एक तरुण बाई आहे; फार चांगली आहे, माझी वाक्यं कापताना 'सॉरी हं' म्हणते. तिनं मला बोलावून ते हातात दिलं आणि स्वतः खिडकीकडे बघत उभी राहिली. निळी शाई. खाली सही, मिस ओदेट पार्फिट, मुक्काम हम्प्टी डू. लिहिलं होतं, 'महाशय, मी एकटी राहते आणि महिन्यातून एकदा गावात जेवायला येते. आपली सोबतीण जे खाते तेच मी मागवते, कारण तिच्यासारखीच मलाही कोथिंबीर सोसत नाही. गेल्या गुरुवारी आपण लिहिलंत की रॅपिड क्रीकच्या लाक्सामधली कोथिंबीर तिनं शेवटच्या पानापर्यंत खाल्ली. हे कसं? ती बरी आहे ना? की ही दुसरी कुणी आहे? दुसरी असेल तर तसं सांगावं. पहिलीची आम्हाला सवय झाली होती.'

"गोड आहे ना?" जॅसिंटा म्हणाली. आणि मग, खिडकीकडे बघतच, "लॉरी, मी म्हणत होते, ही सोबतीण आता काढून टाकायची का? हल्ली कुणी असं लिहीत नाही."

मी म्हटलं, विचार करतो. जिन्यानं खाली आलो आणि तिसऱ्या पायरीवर बसलो. वरच्या मजल्यावरचं एअर कंडिशनरचं पाणी एका डब्यात पडत होतं, थेंबाथेंबानं, आणि प्रत्येक थेंबाआधी एक लहानशी वाट बघण्याची जागा होती. मला ओळ आठवत नव्हती. म्हणजे अशी ओळ मी लिहिली हे आठवत नव्हतं. खिशातून अंक काढला, होती. 'माझ्या सोबतिणीनं कोथिंबीर शेवटच्या पानापर्यंत खाल्ली आणि बोट फिरवून वाटी पुसली.' माझ्याच पद्धतीची ओळ होती, स्वल्पविराम गाळलेली. पण ती वाचताना मला चोराच्या घरात आपली छत्री दिसावी तसं वाटलं. कारण त्या रविवारी काय झालं ते मला पक्कं ठाऊक होतं. सकाळचा बाजार भरलेला, पपया कापण्याचा आवाज, गर्दीतून मी लाक्साच्या, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांच्या, दुकानात शिरलो, दोन वाट्या मागवल्या, एकीत कोथिंबीर नको म्हटलं. वाढायला कुणी नवी बाई होती. दोन्ही वाट्यांवर नारळाच्या दुधाच्या लालसर तवंगावर हिरवीगार कोथिंबीर मूठमूठभर तरंगत आली. परत पाठवता आली असती. मी नेहमी पाठवतो. पण वाफ चेहऱ्यावर आली, शेजारच्या टेबलाशी एक बाई मान मागे टाकून हसली, आणि मला वाटलं, असू दे. आज एकदा असू दे. आणि मी चमचा उचलला. साबण. जिभेच्या मुळाशी, दोन्ही बाजूंनी, लहानपणी शिवी दिली म्हणून आईनं तोंडात बोट घालून घासलेला पिवळा साबण. डोळ्यांत पाणी आलं. दुसरा चमचा घेतला. तिसऱ्याला साबणाच्या मागून काहीतरी दुसरं यायला लागलं, ओलं, पावसाळी, शेतासारखं, आणि मी त्याच्या मागे मागे वाटीच्या तळापर्यंत गेलो. दुसऱ्या वाटीच्यासुद्धा. एवढंच झालं होतं. मग लिहिताना हातानं ते तिच्या नावावर का टाकलं?

म्हणजे मी तिला विसरायला लागलो होतो. सरळ आहे. अकरा वर्षं जिची एकेक सवय मी ताटलीवर झाकण ठेवावं तशी जपली, तिच्यात आता माझा हात शिरला होता. आज कोथिंबीर, उद्या तिला मी काहीही खायला घालीन, आणि हम्प्टी डूच्या मिस पार्फिटशिवाय कुणाच्या लक्षातही येणार नाही.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगला उजेड बघून, मी कागद घेतला आणि ग्लेनिसला काय काय आवडायचं त्याची यादी करायला बसलो. एकतीस वर्षांचा संसार. अर्धा तास झाला. तिची बोटं आठवली, पेल्यावरच्या पाण्यात ती नखानं गोल काढायची. काटा ठेवण्याचा आवाज आठवला, आधी दाते, मग दांडी. चावताना तिची हिरवी कुडी किती हलते ते आठवलं, एक वाटाण्याएवढं अंतर. पण त्या तोंडात काय होतं? तिखट? मी 'तिखट' असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. लिंबू? कागद तसाच राहिला. मग मी खोकं काढलं. सव्वीस वर्षांची कात्रणं आहेत त्यात, पहिल्या पंधरा वर्षांत ती जिवंत आहे. म्हटलं, तिथं सापडेल. आणि सापडली. माझ्या सोबतिणीला कलेजीचा वास सोसला नाही. माझी सोबतीण काट्याच्या माशाच्या वाटेला जात नाही. डोळे असलेला मासा समोर आल्यावर माझ्या सोबतिणीनं ताटली फिरवून ठेवली. दुसऱ्या घासाला माझ्या सोबतिणीनं तिखटापुढे हात टेकले. एकापाठोपाठ एक, पंधरा वर्षं. मी वाचत गेलो आणि खोलीत एक बाई उभी राहत गेली, नुसत्या नकारांची केलेली, नाक मुरडणारी, प्रत्येक ताटलीत काहीतरी बाजूला सारणारी. दहा वाजता दूधवाल्यासारखा कुठला तरी पक्षी ओरडला आणि मला अगदी स्पष्ट कळलं की ही बाई मला आवडली नसती. तिच्याबरोबर मी एक कप चहादेखील घेतला नसता. मग एकतीस वर्षं मी घरी जायची घाई कुणासाठी करत होतो?

"हे बरं आहे," अर्नी म्हणाला. मी यातलं थोडंसंच मोठ्यानं बोललो होतो, पण तो टेबलावर कोपर टेकून पुढे झाला होता. "बायको मेल्यावर तिच्याशी भांडण."

"भांडण नाही रे. ओळख पटेना."

"मग?"

मग मी तिला शोधायला निघालो. मंगळवारी दुपारी पॅरापला तिमोरी हॉटेलात गेलो. तिथं मका, भोपळा आणि मूग एकत्र शिजवून देतात, लाकडाच्या धुराचा किंचित वास असलेलं, आजारी माणसाला देतात तसं साधं. आणि बाजूला चिंचेत बुडवून भाजलेला अख्खा मासा. दोन्ही मागवलं. मासा समोरच्या खुर्चीपुढे ठेवला. माशाचा डोळा पांढरा, वाटाण्यासारखा. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. तिच्यातर्फे ताटली फिरवून ठेवली. भोपळा तोंडात विरघळला आणि मला फक्त एवढं आठवलं की इथं एकदा पंखा बंद पडला होता आणि ती मेनूकार्डानं मला वारा घालत होती. त्याच रात्री करामाच्या फिलिपिनो हॉटेलात. व्हिनेगर आणि लसणीत शिजवलेली कोंबडी. आंबट असं की कानामागे कुणीतरी बोट लावल्यासारखं. मालकीणबाईंनी विचारलं, "मॅडमना नेहमीसारखं? कलेजी वगळून?" अकरा वर्षं त्या मॅडम दिसलेल्या नाहीत, आणि अकरा वर्षं ती बाई हे असं विचारते, पाणीसुद्धा दोन पेल्यांत ओतते. मी 'हो' म्हटलं. एरवी 'हो' म्हणून मी बरा असतो. त्या रात्री 'हो' म्हटल्यावर समोरची खुर्ची मला जास्तच रिकामी दिसली, जणू माझ्या 'हो'नं कुणीतरी उठून गेलं. आणि एक आठवलं, अगदी बारीक. तिचा काटा माझ्या ताटलीत यायचा. न विचारता. बोलता बोलता, दुसरीकडे बघत, ती माझ्या ताटलीतलं काहीतरी उचलायची, आणि मी बोलत राहायचो. काय उचलायची? काटा दिसतो. काट्याच्या टोकाला काय आहे ते दिसत नाही.

"प्रेम," अर्नी म्हणाला.

"गाढवा, काट्याच्या टोकाला काय होतं ते विचारतोय मी. जिन्नस."

थेमेलिनानं शेंगांचा ढीग ओढून जवळ घेतला. "लेख कधी द्यायचाय तुला?" तिनं विचारलं. एवढ्या वेळात पहिलंच वाक्य, आणि तेही हळू. थेमेलिना हळू बोलली की खाडीतलं पाणी ओसरावं तसं होतं, तळाला काय आहे ते दिसायला लागतं.

"आज. पाचपर्यंत."

"मग सोबतीण ठेवणार की काढणार?"

त्यासाठीच मी आलो होतो. शेवटी आज सकाळी धक्क्यावर बसून मी ठरवलं. पाणी ओहोटीला लागलं होतं, गळ टाकून बसलेली माणसं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हती, आणि मला वाटलं, पुरे झालं. विसरून विसरून तिची दुसरीच बाई होण्यापेक्षा तिला एकदा नीट बंद करावं. जॅसिंटाला सांगायचं, हा शेवटचा लेख. आणि त्याच्या खाली चौकटीत दुरुस्ती. वर्तमानपत्रात छापलेली दुरुस्ती कायमची असते. बातमी लोक विसरतात, दुरुस्ती ग्रंथालयात जाऊन बसते. ग्लेनिस जशी होती तशी तिथं राहील. मिस पार्फिटला उत्तर मिळेल. आणि मी मंगळवारी घरी अंडं उकडून खाईन. हे मनाशी म्हटलं तेव्हा गळ्याखाली काहीतरी सैल सुटलं. सुटका असेल, किंवा भीती, दोन्हीची चव सारखीच असते, जराशी लोखंडी.

"आधी तुम्हाला वाचून दाखवतो," मी म्हटलं. "तुम्ही दोघं तिला ओळखत होतात. काही राहिलं असेल तर सांगा. एकदा छापलं की गेलं."

"वाच," अर्नी म्हणाला, आणि का कोण जाणे, त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी कागद उलगडला. वाऱ्यानं तो दोनदा दुमडला, मी त्यावर बशी ठेवली.

"दुरुस्ती," मी वाचलं. "गेल्या अंकात, माझ्या सोबतिणीनं कोथिंबीर आवडीनं खाल्ली, असं लिहिलं गेलं. ती चूक माझी आहे. माझी सोबतीण ग्लेनिस ट्रेगेन्झा अकरा वर्षांपूर्वी वारली. त्यानंतर या रकान्यात जेवली ती तिची आठवण. ग्लेनिस कोथिंबीर खात नसे. कलेजी, काट्याचे मासे, फार तिखट आणि डोळे असलेला कुठलाही पदार्थ तिला चालत नसे. वाचकांनी तिला तशीच लक्षात ठेवावी."

शेंगांचा आवाज कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"खोटं," थेमेलिना म्हणाली. नेहमीच्या आवाजात. रस्त्यावरून चाललेल्या माणसानं वळून बघितलं.

"काय खोटं? वारली ते?"

"वारली ते खरं. हात धरून बसले होते मी तिचा. बाकीचं सगळं खोटं." तिनं हातातली शेंग न मोडताच खाली ठेवली. "बुधवारी शाळा सुटली की ती माझ्या परसात येऊन बसायची. माझ्या बापाच्या पद्धतीनं समुद्राच्या पाण्यात मुरवलेली कालवं, ज्यांच्या वासानं माझी स्वतःची पोरं पळतात, ती बाटलीत बोटं घालून खायची. माशाचं डोकं तिचं ठरलेलं असायचं. डोळे आधी. मिरच्या नुसत्या. आणि कोथिंबीर वाफ्यातून उपटायची, मुळं झटकायची आणि शेळीसारखी उभ्यानं खायची. कोथिंबीर तुला चालत नाही, लॉरी. काटे तुला चालत नाहीत. बायकोसाठी वगळून, असं तू सांगायचास, आणि वाढणारी पाठमोरी झाली की तुम्ही वाट्या बदलायचात. या गावातल्या एकूण एक हॉटेलवाल्याला माहीत आहे ते. छापून छापून तुलाच तेवढं ते खरं वाटायला लागलं. मी तिला म्हटलं होतं, अगं ग्लेनिस, सगळं गाव तुला नखरेल समजतं. तर हसत सुटली. म्हणाली, समजू दे गं. तो समीक्षक आहे, त्याला खाता येत नाही हे छापून आलं तर बिचाऱ्याचं कसं व्हायचं? माझं काय जातंय."